हेड उघडण्याआधी

वाचक ताईंचं पत्र: "माझी पेट्रोल गाडी 14 वर्षांची आहे, 1,30,000 किलोमीटर झाली आहे. गाडी चालवायला मी हिच्यावरच शिकले. सहा महिन्यांपासून कुलंट (इंजिन थंड ठेवणारा द्रव) कमी होतोय. गाडीखाली थेंब दिसत नाही, धूरही दिसत नाही. दर पंधरा दिवसांनी मी बाटलीत साधं पाणी भरते. गर्दीत अडकल्यावर दोनदा तापमानाचा काटा वर गेला. थर्मोस्टॅट बदलला, पंख्याची मोटर बदलली, फरक नाही. आता मेकॅनिक म्हणतात, हेड गॅस्केट (इंजिनाचा वरचा भाग, म्हणजे हेड, आणि खालचा ब्लॉक यांच्यामधलं सील) गेलंय, हेड उघडावं लागेल. शिवाय नवी बॅटरी टाकूनही सकाळी गाडी सुरू व्हायला कुरकुर करते. घरी सगळे म्हणतात, काढून टाक. पुढच्या महिन्यात सासू-सासऱ्यांना घेऊन लांब जायचं आहे. हेड उघडू की गाडी विकू? आणि माझ्या हातानं करण्यासारखं काही आहे का?"

ताई, आधी उत्तर देतो, मग कारणं. हेड आत्ता उघडू नका आणि गाडीही आत्ता विकू नका. थर्मोस्टॅट बदलला, मोटर बदलली, बॅटरी बदलली, हे सगळं तुमच्या पत्रात आहे. पण कुलंट नेमका कुठून जातोय हे कुणी तपासलं, असं एकही वाक्य नाही. जुन्या गाडीवरचा पैसा वाया जातो तो बहुतेक वेळा इथे. अंदाजानं एकेक भाग बदलत जायचं, आणि शेवटी कंटाळून गाडीलाच नावं ठेवायची. तुमचे मेकॅनिक चुकतच आहेत असं मी म्हणत नाही. गॅस्केट गेलेलं असूही शकेल. पण ते गेलंय की नाही हे सांगणाऱ्या चाचण्या हेड न उघडता होतात, फार वेळ घेत नाहीत, आणि त्या आधी करून मागायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

कूलिंगची सगळी रचना बंदिस्त असते. रेडिएटरचं झाकण आतला दाब धरून ठेवतं. साधारण 1 बार जादा दाब असला की पाणी 100 अंशांऐवजी 120 अंश सेल्सिअसच्या आसपास उकळतं, म्हणून इंजिन शंभराच्या पुढे गेलं तरी आत उकळी फुटत नाही. अशा बंदिस्त रचनेतला कुलंट आपोआप संपत नाही. तो बाहेर गळत असतो, किंवा इंजिनच्या आत जात असतो, किंवा झाकण दाब धरत नसल्यामुळे बाटलीत ढकलला जाऊन तिथून बाहेर पडत असतो. तुम्ही थर्मोस्टॅट आणि मोटर बदललीत. झाकणाचा उल्लेख पत्रात नाही. 14 वर्षांचं रबरी सील असलेलं झाकण अजून तेच असेल, तर माझा पहिला संशय त्याच्यावर आहे. त्यात दोन झडपा असतात. एक जादा दाब सोडते, दुसरी इंजिन थंड होताना बाटलीतला कुलंट परत आत ओढू देते. ही दुसरी अडकली की सकाळी रेडिएटरचा वरचा होज पाइप चपटा झालेला दिसतो. उद्या सकाळी गाडी सुरू करण्याआधी बॉनेट उघडून एवढं बघा. नवं झाकण घ्यायची वेळ आलीच तर जुन्यावर जो दाब छापलेला आहे तेवढ्याच दाबाचं घ्या, जास्त दाबाचं नको.

"थेंब दिसत नाही" यावरून गळती नाही, असं ठरवू नका. बारीक गळती गरम धातूवर पडून तिथेच उडून जाते, जमिनीपर्यंत पोचतच नाही. मागे राहतो तो वाळलेला थर, पांढरट किंवा कुलंटच्या रंगाचा. टॉर्च घेऊन तो शोधा. रेडिएटरची प्लॅस्टिकची टाकी ॲल्युमिनियमला जिथे दाबून बसवलेली असते ती कड, होज पाइपच्या क्लिपा, कुलंटच्या बाटलीचा सांधा, आणि इंजिनवरचे प्लॅस्टिकचे जोड. इतक्या वर्षांच्या उष्णतेनं हे प्लॅस्टिक ठिसूळ होतं आणि केसाएवढी चीर पडते. वॉटर पंपाच्या अंगावर एक बारीक भोक असतं, आतलं सील गेलं की तिथून ओघळ येतो. त्या भोकाखाली डाग असेल तर पंप संपत आला आहे. गळती रात्री इंजिन थंड होतानाही होते, कारण थंड झाल्यावर क्लिपांची पकड ढिली पडते. म्हणून रात्रभर इंजिनखाली मोठा पुठ्ठा टाकून ठेवा. एसीचं पाणीही खाली पडतं, पण ते बिनरंगी, बिनवासाचं असतं. कुलंट बोटाला बुळबुळीत लागतो. हात मात्र लगेच धुवा आणि पुठ्ठा लहान मुलं-जनावरांच्या वाटेत ठेवू नका. तो विषारी असतो आणि चवीला गोड लागतो, म्हणून जास्त धोक्याचा.

गाडीच्या आतही बघा. डॅशबोर्डच्या आत हीटरचा छोटा रेडिएटर असतो. तो गळत असेल तर पुढच्या सीटच्या पायाखालचं कार्पेट ओलसर लागतं, केबिनमध्ये गोडसर वास येतो आणि पुढच्या काचेवर आतून तेलकट धुकं जमतं. ही गळती बॉनेट उघडून कधीच सापडत नाही, आणि लोक महिनोन्‌महिने पाणी भरत राहतात.

एवढं बघून झालं की गॅरेजमध्ये दोन चाचण्या मागा. पहिली प्रेशर टेस्ट. थंड इंजिनवर झाकणाच्या जागी मीटर असलेला हातपंप लावतात, झाकणावर छापलेल्या दाबापर्यंत हवा भरतात आणि पंधरा-वीस मिनिटं काटा बघतात. काटा स्थिर राहिला तर उत्तम. उतरला आणि कुठेतरी ओल दिसली तर गळती सापडली. उतरला आणि बाहेर सगळं कोरडं असलं, तर मात्र आत शोधायचं. त्याच पंपानं झाकणही तपासता येतं. दुसरी चाचणी गॅसची. गॅस्केट फुटलेलं असेल तर सिलिंडरमधला जळका वायू कुलंटमध्ये शिरतो. इंजिन चालू ठेवून रेडिएटरच्या तोंडाशी जमणारी हवा एका निळ्या द्रवातून ओढतात. त्या हवेत कार्बन डायऑक्साइड असेल तर पेट्रोल गाडीत तो द्रव पिवळा होतो. निळाच राहिला तर हेडवर हात टाकायची घाई नको. गळती अगदी बारीक असेल तर एकदा निळा राहूनही नंतर पिवळा होऊ शकतो, म्हणून शंका उरली तर चाचणी पुन्हा करा.

याच्या जोडीला स्पार्क प्लग काढून एका ओळीत ठेवायला सांगा. सगळे तपकिरी आणि एकच धुतल्यासारखा स्वच्छ असेल, तर त्या सिलिंडरमध्ये पाणी जाऊन वाफेनं तो साफ होतोय असं समजायचं. ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ थर दिसला म्हणून मात्र घाबरू नका, आणि कुणी तेवढाच पुरावा दाखवला तर मानू नका. गाडी रोज थोडंसंच अंतर चालत असेल तर इंजिन पुरतं तापत नाही आणि दमटपणा तिथे साचतो. डिपस्टिक, म्हणजे ऑइलची पातळी बघायची पट्टी, काढून बघा. तिच्यावरचं ऑइल दुधाळ दिसलं तर प्रकरण गंभीर आहे आणि गाडी तिथेच थांबवायची.

आता तुमच्या सकाळच्या कुरकुरीकडे येतो, कारण तिचा या सगळ्याशी संबंध असू शकतो. कुरकुर म्हणजे नेमकं काय होतं ते पत्रात नाही, आणि उत्तर तिथेच दडलं आहे. सेल्फ मंद फिरतो का? की सेल्फ जोरात फिरतो, पण इंजिन उशिरा पकडतं आणि पहिले काही क्षण थरथरत, मिसिंग करत चालतं? दुसरा प्रकार असेल आणि कुलंटही कमी होत असेल, तर रात्रीतून एखाद्या सिलिंडरमध्ये थोडा कुलंट झिरपतोय अशी शंका घ्यायला जागा आहे. हे मेकॅनिकना आवर्जून सांगा, कारण गाडी त्यांच्याकडे पोचेपर्यंत गरम झालेली असते आणि त्यांना हे कधीच दिसत नाही. शक्य असेल तर गाडी आदल्या रात्री गॅरेजमध्ये ठेवा आणि सकाळचा पहिला सेल्फ त्यांनाच मारू द्या.

सेल्फ मंद फिरत असेल तर गोष्ट विजेची आहे, आणि ती साध्या मल्टिमीटरनं तुम्ही स्वतः तपासू शकता. रात्रभर उभ्या गाडीच्या बॅटरीवर 12.6 व्होल्टच्या आसपास आकडा हवा, 12.2 म्हणजे ती जेमतेम अर्धी भरलेली आहे. इंजिन सुरू असताना साधारण 13.8 ते 14.5 हवा. त्याहून कमी असेल तर अल्टरनेटर नीट चार्ज करत नाहीये, आणि तशा गाडीत कितीही नव्या बॅटऱ्या टाकल्या तरी त्या मरणारच. हे दोन्ही आकडे बरोबर असतील तर अर्थिंग, म्हणजे बॅटरीचं निगेटिव्ह टोक इंजिनशी जोडणारी वायर, बघा. मीटरची एक टोकणी बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर, दुसरी इंजिनच्या उघड्या धातूवर, आणि दुसऱ्या माणसाला सेल्फ मारायला सांगा. 0.2 व्होल्टहून बरंच जास्त दिसलं तर बॅटरी ते इंजिन या वाटेत वीज अडते आहे. अर्थिंगच्या वायरीला आवरणाच्या आतून हिरवी कीड लागलेली असते, बाहेरून ती धडधाकट दिसते. जुन्या गाडीत या एका वायरीपायी चांगले सेल्फ आणि चांगल्या बॅटऱ्या बदलल्या जातात, याचं मला खरंच वाईट वाटतं. टर्मिनल साफ करायला काढाल तेव्हा आधी निगेटिव्ह काढा, आणि जोडताना ते शेवटी जोडा.

साध्या पाण्याबद्दल. ते बंद करा. अडचणीच्या वेळी वाटेत भरलंत तर ठीक. पण दर पंधरा दिवसांनी पाणी घालून सहा महिन्यांत तुमच्या गाडीतला कुलंट पार पातळ झाला आहे. कुलंट फक्त थंडीत गोठू नये म्हणून नसतो. त्यातली रसायनं ॲल्युमिनियमचं हेड, वॉटर पंप आणि रेडिएटर आतून गंजू देत नाहीत. नळाच्या पाण्यातल्या क्षारांचा थर बसतो आणि बारीक नळ्या तुंबतात. गळती दुरुस्त झाली की सगळा कुलंट काढून, आत धुवून, गाडीच्या पुस्तिकेत लिहिलेल्या प्रकाराचाच नवा भरा. घट्ट, म्हणजे पाणी न मिसळलेला, मिळत असेल तर डिस्टिल्ड पाण्यात निम्मा-निम्मा. नुसता घट्ट कुलंट भरणं जास्त चांगलं असेल हा समज चुकीचा आहे; तो पाण्याइतकी उष्णता वाहून नेत नाही. वेगळ्या प्रकाराचा कुलंट केवळ रंग सारखा म्हणून मिसळू नका. आणि गळती बुजवणारं औषध रेडिएटरमध्ये ओतायला कुणी सांगितलं तर नको म्हणा. ते गळती बघून थांबत नाही. हीटरच्या आणि रेडिएटरच्या बारीक नळ्याही बुजवतं.

समजा, चाचणीत गॅस्केटच गेलं असं निघालं. मग हेड उघडायला हरकत नाही, पण नुसतं गॅस्केट बदलून परत बसवू देऊ नका. दोनदा तापलेलं हेड वाकलेलं असू शकतं. सरळ पट्टी ठेवून ते तपासायला हवं, वाकलं असेल तर मशीनवर प्लेन करायला हवं, आणि तडा नाही ना याची प्रेशर टेस्ट हवी. बऱ्याच इंजिनांत हेडचे बोल्ट एकदाच वापरायचे असतात, तसं असेल तर ते नवे घालायचे. टायमिंग बेल्ट (व्हॉल्व्हची उघडझाप पिस्टनशी जुळवून ठेवणारा पट्टा) असलेली गाडी असेल तर बेल्ट आणि त्याचे टेन्शनर त्याच वेळी बदला, आणि वॉटर पंप जुना असेल तर तोही, कारण सगळं उघडलेलंच असतं. बेल्ट शेवटचा कधी बदलला हे माहीत नसेल, तर तो बदललेलाच नाही असं धरा. किलोमीटर कमी झाले तरी रबर वर्षांनी म्हातारं होतं. अनेक इंजिनांत तो चालत्या गाडीत तुटला की व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात, आणि मग आजचं काम फार छोटं वाटेल. तुमच्या इंजिनात बेल्ट आहे की चेन, हे पुस्तिकेत मिळेल.

पत्रात ब्रेकचा एक शब्दही नाही, आणि खरं सांगायचं तर मला कुलंटपेक्षा त्याची जास्त काळजी वाटली. ब्रेक ऑइल हवेतला दमटपणा शोषून घेतं. डॉट 4 प्रकारचं ताजं ऑइल 230 अंशांपर्यंत तरी उकळू नये असा निकष आहे, 3.7 टक्के पाणी शोषलं की हाच निकष 155 अंशांवर येतो. लांब घाट उतरताना ब्रेक तापले की असं जुनं ऑइल उकळतं, आत वाफेचे बुडबुडे होतात आणि पेडल तळाला जातं. तोवर कसलीही पूर्वसूचना मिळत नाही. दर 2 वर्षांनी ते बदलायचं असतं. तुमच्या गाडीचं कधी बदललं हे आठवत नसेल तर प्रवासाआधी बदला, आणि चाकांपाशी असलेले रबरी पाइप वाकवून बघायला सांगा. तडे असतील तर तेही. टायरच्या बाजूला एका लंबगोलात चार आकडे असतात. 2318 लिहिलं असेल तर तो 2018 सालच्या 23व्या आठवड्यात बनलेला. नक्षी शिल्लक दिसली तरी 10 वर्षांचा टायर मी कुणालाही वापरू देणार नाही, आणि स्टेपनीला हाच नियम. खड्ड्यातून जाताना पुढून खडखड येत असेल तर बॉल जॉइंट आणि स्टिअरिंगचे टोक तपासा. बाकी बुश आणि लिंक रॉडचे आवाज त्रास देतात, पण ती दुरुस्ती नंतर केली तरी चालते.

तुमच्या हातानं करण्यासारखं बरंच काही आहे. आठवड्यातून एकदा सपाट जागेवर, थंड गाडीत ऑइल आणि कुलंटची पातळी, महिन्यातून एकदा टायरची हवा. एअर फिल्टर, केबिन फिल्टर, वायपर, टर्मिनलची सफाई. पुढच्या काचेखाली साचलेला पालापाचोळा काढणं आणि दरवाजांच्या तळाची पाणी जायची भोकं मोकळी ठेवणं, कारण गंज तिथूनच सुरू होतो. ब्रेकला आणि एअरबॅगच्या वायरिंगला हात लावू नका. आणि नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही जाऊ नका, क्षणभरासाठीही नाही. पक्के स्टँड लावले असतील तरच. इंजिनचा दिवा लागला तर बिघाडाचा कोड वाचणारं छोटं यंत्र घ्या, पण कोड म्हणजे निदान नव्हे. पी0171 आला तर इंजिनला पेट्रोलच्या मानानं हवा जास्त मिळते एवढंच कळतं. ते फुटलेल्या व्हॅक्यूम पाइपमुळे, घाण झालेल्या हवेच्या सेन्सरमुळे किंवा थकलेल्या पेट्रोल पंपामुळेही असू शकतं. शिवाय एक वही ठेवा: तारीख, किलोमीटर, काय दिसलं, काय केलं, कुठला भाग घातला. पाणी किती भरलं तेही मोजून लिहा. पंधरा दिवसांत अर्धा लिटर आणि दोन लिटर यांत मेकॅनिकला फार मोठा फरक दिसतो.

विकण्याचा प्रश्न. घरचे बहुधा दुरुस्तीचा खर्च गाडीच्या आजच्या किमतीशी ताडून बघताहेत. जुन्या गाडीची किंमत कमीच असते, त्यामुळे त्या हिशेबात प्रत्येक मोठी दुरुस्ती तोट्याचीच दिसणार. बरोबर तुलना वेगळी आहे: पुढची दोन वर्षं ही गाडी चालती ठेवायला काय लागेल, आणि तेवढीच दोन वर्षं दुसरी गाडी बाळगायला काय लागेल, हप्ता, विमा आणि तिची घसरणारी किंमत धरून. त्यासाठी गाडी एकदा लिफ्टवर चढवून सगळं बाकी काम एका कागदावर लिहून घ्या. त्या वेळी खालचा सांगाडा, जॅक लावायच्या जागा आणि सस्पेन्शन जिथे बॉडीला जोडलेलं असतं त्या जागा टोकदार वस्तूनं टोचून बघायला सांगा. पत्रा तिथे आत जात असेल तर दुरुस्तीचा विचार सोडा. इंजिन कितीही गोड चालत असलं तरी. आणखी एक कारण मला खर्चापेक्षा मोठं वाटतं. तुमच्या गाडीत एअरबॅग आणि एबीएस (जोरात ब्रेक मारला तरी चाकं अडकू न देणारी यंत्रणा) नसतील, आणि तुम्ही वरचेवर भरधाव रस्त्यांवर घरच्यांना घेऊन जात असाल, तर त्यासाठी नवी गाडी घेणं अगदी योग्य आहे. पण मग त्या कारणासाठी घ्या. न तपासलेल्या गॅस्केटच्या भीतीनं नको. विकलीत तर कुलंट कमी होतो हे घेणाऱ्याला स्पष्ट सांगा.

पुढच्या महिन्याचा प्रवास: प्रेशर टेस्टमध्ये काटा स्थिर राहिला, ब्रेक ऑइल नवं झालं, आणि त्यानंतर रोजच्या वापरात दोन आठवडे कुलंट एका रेषेवर टिकला, तर न्या. यातलं एकही राहिलं असेल तर सासू-सासऱ्यांसाठी दुसरी गाडी ठरवा. वाटेत काटा वर जाऊ लागला तर एसी लगेच बंद करा, हीटर पूर्ण गरमवर आणि पंखा जोरात करा. केबिनमध्ये उकडेल, पण इंजिनातली उष्णता तिथून बाहेर निघते. तरीही काटा उतरला नाही तर बाजूला घ्या आणि इंजिन बंद करा. बॉनेटखालून वाफ येत असेल तर ती थांबेपर्यंत बॉनेटही उघडू नका. झाकणाला किमान अर्धा-पाऊण तास हात नको, वरचा होज पाइप हाताला गार आणि मऊ लागेपर्यंत नाहीच. मग जाड फडकं धरून झाकण थोडं फिरवा, दाब सुटू द्या, आणि तापलेल्या इंजिनात गार पाणी एकदम ओतू नका; हेडला तडा जातो तो अशा वेळी. काटा लाल रेषेवर असताना "आता पुढचं गाव जवळच आहे" म्हणून कुणी गाडी दामटायला सांगितलं, तर घरातलं कितीही मोठं माणूस असलं तरी ऐकू नका.